पिवळ्या डब्यांची गाडी

९ जानेवारी

दादा दुपारी झोपतो तेवढा वेळ माझा. या वेळात आजवर मी भांडी घासली, चादरी धुतल्या, एकदा ओट्याला टेकून उभ्याउभ्याच झोपले. आजपासून लिहायचं ठरवलंय. दिवसभर मी एकटीच बोलत असते आणि समोरून काही येत नाही. वही निदान मध्येच मान फिरवून भिंतीकडे बघत बसत नाही.

दादाला झटका आला त्याला आता बरेच महिने झाले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात, त्यांना सगळं समजतं. ते डॉक्टरांना कसं समजलं, हे मला समजत नाही. 'हं' आणि 'आं' यांच्यापलीकडे शब्द नाही. लिहिता येत नाही. मान हलवतो, पण चहा हवा का विचारलं तरी हलवतो आणि नको का विचारलं तरी तशीच हलवतो.

व्यायामवाली आज आली होती. तिला चांगलं नाव आहे, पण पहिल्या दिवशी मी दार उघडून आत ओरडले, "दादा, तुझी व्यायामवाली आली," आणि तेच चिकटलं. ती मला मावशी म्हणते. जाताना जिन्यात थांबून म्हणाली, "मावशी, काका डावा हातही वापरत नाहीयेत. तो तर चांगला आहे. चेंडू दिला की सोडून देतात. त्यांच्या आवडीचं काही आहे का घरात? हे असंच राहिलं तर हात जाईल, आणि नुसता हातच जाणार नाही."

मग काय जाईल हे मी विचारलं नाही. मला दिसतंय. चमचा तोंडाशी नेला की तोंड उघडतो, इतकंच. माझ्यावर उपकार करतोय असं वाटतं.

१२ जानेवारी

दादाची आवड म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्या. 'खेळण्यातल्या' म्हटलेलं त्याला खपायचं नाही. 'मॉडेल' म्हणायचं. नोकरीत त्याने आयुष्यभर पाण्याच्या नळांचे नकाशे काढले आणि उरलेल्या वेळात हे. जुन्या बाजारातून प्लॅस्टिकचे जुने डबे नि इंजिनं आणायची आणि त्यांच्यावरचा रंग काढायचा. एकदा मला समजावून सांगितलं होतं, की हे जुने डबे बनवताना रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला असायचा. लाल डबा आतून-बाहेरून लाल. मग कोणीतरी हौशी माणूस त्याच्यावर ब्रश फिरवतो आणि वाट लावतो. तो थर उतरवला की खालून मूळ डबा निघतो, जसा कारखान्यातून आला तसा.

मला तेव्हा हसू आलं होतं. मीही जन्मभर तेच केलं, फक्त कोटांचं. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डागांचं टेबल माझं होतं. शाई, तेल, गंज, रक्त. मालक म्हणायचे, बाईंच्या हातातून डाग सुटून गेला असं झालं नाही.

तर सामान सगळं घरात आहेच. दादाचा पलंग मी त्याच्याच कामाच्या खोलीत टाकलाय, कारण न्हाणीघर जवळ पडतं. इथे आले त्या आठवड्यात काचेचं कपाट बाहेर काढून जागा केली होती. टेबलावर रंग काढायच्या बॉड्या, म्हणजे चाकांशिवायची नुसती वरची खोकी, पालथ्या पडल्या होत्या. कपाटातले डबे चाकांवर उभे होते, पण ट्रेमध्ये ठेवले की घरंगळायचे, म्हणून मी तेही पालथे घातले. सगळं एकाच मोठ्या ट्रेमध्ये. त्या गोंधळात एवढं सुचलं हेच खूप.

आज तो ट्रे खाली काढला. धूळ पुसली. दादा बघत होता. भिंतीकडे नाही, ट्रेकडे.

१४ जानेवारी

शहाणपणा अंगाशी आला. कपाटात थिनरची बाटली होती. डाग आणि थिनर यांचा संबंध मला नवा नाही, म्हणून एका मोडक्या मालडब्यावर बोळा फिरवला. रंग तर गेलाच, बरोबर छप्परही मऊ पडलं. बोटाचा ठसा उमटला त्यात. दुकानात नव्या मुलींना मीच ओरडून सांगायचे, आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा, मग बाहेर हात लावा. स्वतः मात्र विसरले.

दादाने ते छप्पर बघितलं आणि त्याच्या छातीतून आवाज आला. मला वाटलं खोकला. हसत होता. अर्धंच तोंड हसतं आता, पण हसत होता.

रंगवाल्या दुकानदाराकडे जाऊन आले. तो म्हणाला, "प्लॅस्टिक आहे ना बाई? मग स्पिरिटच. झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा, आणि घाई नको." मला घाई नको म्हणणारा हा जगातला पहिला माणूस.

१७ जानेवारी

जमलं. एक हिरवट चोपडलेली बॉडी, खिडक्यांच्या आतली पारदर्शक पट्टी सुटी करून स्पिरिटमध्ये ठेवली होती. आधी आतल्या कोपऱ्यावर थेंब टाकून बघितला, हे सांगायला नकोच. आज सकाळी झाकण उघडलं तर रंग सुरकुतून आला होता. जुन्या दात घासायच्या ब्रशने घासलं, कडांच्या खाचांत दात कोरायची काडी फिरवली, भांड्यांच्या साबणाने धुतलं. खालून गर्द लाल निघाला, चकचकीत. दादासमोर धरला. त्याने डावा हात पुढे केला. स्वतःहून. डबा घेतला, डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने कडेची रेघ चाचपली, आणि एका खाचेत राहिलेला हिरवा कण नखाने दाखवला.

"राहिलाय का तिथे? डोळे बरे शाबूत आहेत तुझे," मी म्हटलं.

दुपारी वाटीभर सूप प्यायला आणि पावही खाल्ला. माझ्या जिवात जीव आला. खोटं कशाला लिहू, न्हाणीघरात जाऊन रडले थोडी.

२४ जानेवारी

आमची जोडी बरी जमलीय. मी घासते, तो डाव्या हाताने बॉडी धरून ठेवतो. माझं चुकलं की टेबलावर बोटं आपटतो. काल त्याने ब्रश माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः दोनचार फेऱ्या मारल्या. व्यायामवालीला मोबाइलवर दाखवलं तर ती पोरगी चक्क नाचली. "मावशी, हेच. काहीही होवो, हे थांबवू नका," म्हणाली.

माझी बोटं मात्र स्पिरिटने फाटलीत. पाठ धरलीय. दादाला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर घ्यायचं म्हणजे मी एकटी आणि तो दुप्पट. पण तो जेवतोय.

२ फेब्रुवारी

पालथ्या बॉड्यांचा जुना गठ्ठा संपला. आता सहा डबे राहिलेत. ते पूर्ण आहेत, चाकांसकट, आणि सगळ्यांत भयंकर तेच. सहाच्या सहा पिवळे. कडेने निळी रेघ, तीही हात थरथरत काढल्यासारखी वर-खाली जाणारी. कहर म्हणजे खिडक्यांच्या आतल्या पट्टीवर कोणीतरी पडदे रंगवलेत आणि पडद्यांमागे डोकी. ठिपक्याएवढी. कोणाला चष्मा, कोणाला मिशा, एकाचा हात वर. जुन्या बाजारात दादाने हे काय बघून घेतले कोण जाणे. कोणा पोराने सुट्टीत बसून रंगवले असणार. खाली मूळ रंग चांगला असेल, नाहीतर त्याने हात लावला नसता.

आज ट्रे त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने डाव्या हाताने एक डबा उचलला, सुलटा केला, चाकांवर उभा केला. मग दुसरा. हळूहळू सहाही. इतकं नेमकं काम त्याने अजून केलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. सगळे परत पालथे घातले आणि म्हटलं, "आता पुन्हा एकदा." त्याने पुन्हा केले. तिसऱ्या वेळी मात्र माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग केले. दमला असेल.

५ फेब्रुवारी

आज पहिला पिवळा डबा बुडवला. चाकं काढली, पट्टी सुटी केली, तोवर दादा माझ्या मनगटाला धरून होता. त्याला मदत करायचीय असं वाटून मी म्हटलं, "थांब रे, घासायला देते ना." झाकण लावलं तेव्हा तो ओरडला. शब्द नाही, नुसता आवाज, लांब. खालचे शेजारी वर येऊन विचारून गेले.

व्यायामवालीला फोन केला. ती म्हणाली, या आजारात असं होतं, हसणं-रडणं ताब्यात राहत नाही, एकदम येतं आणि जातं. मनाला लावून घ्यायचं नाही. "तुम्ही काम चालू ठेवा, मावशी. आता सोडलं तर परत पहिल्यासारखे होतील."

पट्टीवरचे पडदे आणि डोकी मी कापसाने पुसून घेतली. स्पिरिटने पट्टी जराशी धुरकटली, पण उजेड येतो.

७ फेब्रुवारी

पहिला डबा खालून गर्द निळा निघाला. सुंदर. दादाला दाखवला. त्याने घेतला नाही.

९ फेब्रुवारी

सकाळी चादर बदलताना दादाच्या कुशीत पिवळा डबा सापडला. पांघरुणाखाली, पोटाशी धरलेला. बरगडीवर चाकांचे वळ उठले होते. म्हातारपणी माणूस लहान होतो म्हणतात ते असं. मला भरून आलं. एवढा सहा फुटी माणूस, नकाशात सुताइतकी चूक खपवून न घेणारा, खेळणं घेऊन झोपतो. वळांवर मलम लावलं आणि डबा काढून ट्रेमध्ये ठेवला. काढताना त्याने घट्ट धरला होता. डाव्या हाताची पकड केवढी सुधारलीय.

रोज ट्रेमधले डबे सुलटे करतो, हेही लिहून ठेवते. मी न सांगता. उठवून बसवलं की पहिलं काम ते. मी परत पालथे घालते, तेवढाच व्यायाम.

१३ फेब्रुवारी

तीन झाले. दादा परत भिंतीकडे बघायला लागलाय.

१६ फेब्रुवारी

मला काही कळेनासं झालंय. इतकं छान चाललं होतं. आता चमचा नेला तर ओठ मिटून घेतो. काल सूप थुंकलं. माझ्या ब्लाउजवर सगळं. मी त्याच्यावर ओरडले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःवर ओरडले.

माझी एक खोली आहे. तिच्या खिडकीत दुपारचं ऊन येतं, आणि तिथे मला कोणालाही उचलावं लागत नाही. ती खोली कुलूप लावून इथे आले. आईबाप गेले, वहिनी गेली, मूलबाळ त्यांना नाही, मग दुसरं कोण येणार होतं? मी नाही म्हणत नाही. पण कधीकधी त्याच्याकडे बघताना मनात येतं, की तू एकदा नीट मला नको तरी म्हण.

वहिनी असती तर तिने कसं केलं असतं, हा विचार हल्ली येतो. तिचं-माझं भांडण नव्हतं, पण जमलंही नव्हतं. तिच्याकडे आलं की ती फार बोलायची आणि मी फार गप्प. तिला या गाड्यांचा वैताग होता, एवढं मात्र आमचं एकमत. "घरात रुळांवरून उडी मारत स्वयंपाक करते मी," असं सांगायची. आजारी पडली तेव्हा मी फोन करायचे. यायचं यायचं म्हणत राहून गेलं आणि मग एकदम शेवटचंच आले.

आता एकच मार्ग दिसतोय. सगळे डबे लवकर उरकायचे, इंजिन जोडायचं, रूळ टाकून गाडी त्याच्यासमोर फिरवायची. सगळी गाडी मूळ रंगात धावताना बघितली की तो उठून बसेल. मी घाई करतेय हे मला कळतं. पण माझ्यात तरी किती दिवस उरलेत असे?

२० फेब्रुवारी

पाच झाले. निळे, चकचकीत. दादाच्या मित्राचा फोन आला होता. गाड्यांच्या क्लबातला. त्याला सगळे सिग्नल म्हणतात, कारण बोलताना उजवा हात वर गेल्याशिवाय त्याचं वाक्य पूर्ण होत नाही. इतके महिने लेकीकडे होता, आता परत आलाय. रविवारी येतो म्हणाला. मला बरं वाटलं. दादाशी गाड्यांबद्दल बोलणारं कोणी तरी हवं होतं. सहावा डबा तोवर होईल.

२३ फेब्रुवारी

आज सगळं लिहून काढते, नाहीतर मला झोप येणार नाही.

सिग्नल अकराच्या सुमारास आला. दादाजवळ बसला, त्याचा डावा हात हातात घेतला, क्लबातल्या कोणाची भांडणं, कोणाचं इंजिन जळालं असलं काहीबाही सांगत राहिला. दादा त्याच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी म्हटलं, "तसं होतं त्याला, मनावर घेऊ नका," आणि चहा टाकायला गेले.

परत आले तर सिग्नल टेबलापाशी उभा होता. झाकणाच्या डब्यात सहावा भिजत होता, पिवळा रंग सुरकुतून वर आलेला. शेजारी पाच निळे. सुटी केलेली पट्टी अजून पुसायची होती.

"ताई," तो म्हणाला. हात वर गेला नाही. "हे कोणी बुडवलं?"

"मीच. मूळ रंग बघा काय निघालाय."

तो खाली बसला. माझ्या हातातला चहा त्याने घेतलाच नाही.

"हे वहिनींचे डबे आहेत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, वहिनीला तर गाड्यांचा वैताग होता.

"होता ना. पलंग धरेपर्यंत होता. मग एक दिवस कंटाळून म्हणाल्या, आणा तो ब्रश इकडे. रंग कोणता, तर पिवळा. तुमच्या दादाला मी ओळखतो. एक रिव्हेट चुकलं तरी याचं जेवण गोड लागायचं नाही. कोरे करकरीत जुने डबे, क्लबात लोक बघायला यायचे असे. त्याच्यावर पिवळा. पण चकार शब्द काढला नाही. स्वतः जाऊन डबी आणून दिली. पलंगावर पाट टाकून द्यायचा आणि डबा धरून बसायचा. त्यांचा हात हलायचा ना."

"आणि ही माणसं?" मी पट्टी उचलली. ती एकच उरली होती.

"ओळखीची. औषधवाला, नर्स, खालचे शेजारी. मी दुसऱ्या डब्यात होतो, हात वर करून. म्हणाल्या, मला कुठे जाता येत नाही, निदान तुम्हा सगळ्यांना फिरवून आणते."

मी म्हटलं, हे डबे बाकीच्यांबरोबर पालथे होते, मला वाटलं तेही काढायचे. म्हणताना आठवलं, पालथे मीच घातले होते.

"आमच्याकडे सगळ्यांचीच ती पद्धत आहे," सिग्नल हळू आवाजात म्हणाला. "पालथं असलं म्हणजे काम बाकी. चाकांवर उभं केलं म्हणजे झालं, आता हात लावायचा नाही."

दादा माझ्याकडे बघत होता. रोज सकाळी उठून तो ते डबे सुलटे करायचा. एक चांगला हात उरलाय त्याला, त्या हाताने, एकेक करून. तो मला रोज सांगत होता आणि मी टाळ्या वाजवत होते.

सहावा डबा मी स्पिरिटमधून काढला. धरला तिथे पिवळा रंग बोटांबरोबर निघून आला.

२४ फेब्रुवारी

त्याच्यासमोर गेले नाही. म्हणजे गेले, अंग पुसलं, कपडे बदलले, चमचा धरला. पण समोर गेले नाही.

२६ फेब्रुवारी

दुकानात एकदा माझ्या हातून एका कोटाचं भरतकाम गेलं होतं. डाग समजून मी जुन्या धाग्याचा रंग उतरवला होता. तेव्हा मालकांनी गिऱ्हाइकाला सांगितलं आणि मी पडद्यामागे उभी राहिले. आता पडदा नाही नि मालकही नाहीत.

आज त्याला खुर्चीत बसवलं आणि सहाही डबे टेबलावर मांडले, चाकांवर उभे. सांगितलं. "दादा, हे वहिनीने रंगवले होते. मी पुसले. मला माहीत नव्हतं, पण तू सांगत होतास आणि मी बघितलं नाही." पुढचं ठरवलेलं सगळं विसरले.

तो रडला. मी या वेळी आजाराचं नाव घेतलं नाही. त्याला रडू दिलं आणि मीही शेजारी बसून राहिले. क्षमा केली की नाही हे कसं कळणार? त्याच्याकडे तो शब्दच नाही. पण संध्याकाळी चमचा नेला तेव्हा तोंड उघडलं.

२८ फेब्रुवारी

व्यायामवालीला सगळं सांगितलं. तिचा चेहरा पडला. "मीच म्हणाले होते थांबवू नका," म्हणाली. मी म्हटलं, बाई, सगळ्यांनी थोडंथोडं वाटून घेतलं तरी माझा वाटा मोठाच राहतो. मग ती म्हणाली, त्यांना विचारत राहा. एका वेळी एकच गोष्ट. मान कशी हलवतात ते नीट बघा, हो आणि नाही आता वेगळं होत चाललंय.

खरंच वेगळं आहे. 'हो' वरखाली. 'नाही' म्हणताना मान हलत नाही, डोळे मिटतो. कधीपासून करतोय देव जाणे.

३ मार्च

सिग्नलने पिवळ्या रंगाची डबी आणून दिलीय. मी अजून उघडलेली नाही. माझ्या हाताने तसा रंग व्हायचा नाही, आणि झाला तरी तो तिचा नसणार. पण दादाने आज स्वतः पहिला डबा पुढे ओढला आणि एका खिडकीवर बोट ठेवलं. मी विचारलं, "पडदा?" डोळे मिटले. "माणूस?" मान वरखाली. "कोण? नर्स?" डोळे मिटले. "औषधवाला?" वरखाली.

त्याला सगळं आठवतंय. कोण कुठे बसलं होतं, कोणाचा पडदा अर्धा होता. एकेका खिडकीला किती वेळ लागतो विचारू नये. मी विचारत जाते आणि चुकत जाते आणि तो थांबतो. इतके महिने मी बोलत होते. आज पहिल्यांदा आम्ही दोघं बोललो. दुपारची झोपसुद्धा त्याने नाकारली, म्हणून हे मी त्याच्याशेजारीच बसून लिहितेय.

चौथ्या डब्यात दादा-वहिनीचं आवडतं मांजर निघालं. मी दोनचार माणसांची नावं घेऊन दमले, शेवटी चिडून म्हटलं, "मग काय मांजर होतं का तिथे?" तर मान वरखाली. अर्धं तोंड हसलं.

पाचव्या डब्यात, दाराजवळच्या खिडकीवर त्याचं बोट आलं. "इथे कोण?" मी विचारलं. त्याने बोट उचललं आणि माझ्याकडे केलं. मला वाटलं काहीतरी हवंय. पाणी विचारलं, उशी विचारली. त्याने डोळे मिटले. परत बोट खिडकीवर ठेवलं, परत माझ्याकडे केलं.

"मी?"

वरखाली.

ती खिडकी मला चांगली आठवते. बाकीची डोकी कापसाच्या एका फेऱ्यात निघाली होती, तिथला ठिपका काही निघेना. मनासारखा होईना म्हणून पुन्हापुन्हा रंगवला असावा, थरावर थर बसला होता. मी काडीचं टोक तासून घेतलं आणि तो खरवडून काढला. मग पट्टी उजेडात धरून दादाला दाखवली आणि म्हटलं, बघ, किती स्वच्छ.